सात शेळ्यांचा गोठा : ऑगस्ट ते नोव्हेंबरच्या नोंदी

४ ऑगस्ट

वहिनींच्या सात शेळ्या आज दुपारी आमच्या परड्यातल्या बंद पडलेल्या गुऱ्हाळाच्या शेडमध्ये आणल्या. आमचे गाव करवीर तालुक्यात, भोगावतीच्या काठी आहे आणि जुलैभर लागून राहिलेल्या पावसाने नदीकाठची मळी (गाळाची जमीन) अजून पायाखाली दबते आहे. वहिनींची तक्रार एका वाक्याची होती : "भावजी, पोटाला घालून बी अंगाला लागंना, नुसती हाडं ऱ्हायल्यात." मी निवृत्त जीवशास्त्र शिक्षक आहे, पशुवैद्य नव्हे, त्यामुळे औषधाचा निर्णय तालुक्याचे पशुवैद्यकीय अधिकारी घेतील, आणि रोजचे पाहणे, मोजणे व लिहिणे माझ्याकडे राहील, असे आज ठरले.

पोत्याची झोळी करून ताणकाट्यावर वजने घेतली. चांदी १७.५ किलो, मुंडी २४, भुरी २६, बांडी २२.५, तांबू २१ आणि दोन पाटी (अजून न व्यालेल्या लहान माद्या) अनुक्रमे ११ व ९.५. सगळ्या उस्मानाबादी वळणाच्या मिश्र शेळ्या असल्याने मोठ्या पाचही जणी तिशीच्या आसपास असायला हव्या होत्या. भुरी २७ जूनला फळली (गाभण राहिली) असल्याचे वहिनींनी कॅलेंडरवर लिहून ठेवले होते, ही या गोठ्यातली पहिली विश्वासार्ह नोंद.

खालची पापणी अंगठ्याने हलकेच ओढून आतला रंग पाहिला. मेंढ्यांसाठी दक्षिण आफ्रिकेत तयार झालेल्या फामाचा तक्त्यात लालबुंद पापणीला १ आणि कागदासारख्या पांढऱ्या पापणीला ५ असा क्रम आहे, आणि तोच क्रम शेळ्यांनाही चालतो. चांदी ५, मुंडी व तांबू ४, मोठी पाट ४, उरलेल्या तिघी ३. चांदीच्या जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबत होती. बोटाने दाबल्यावर पडलेला खळगा सावकाश भरून आला. ताप कोणालाही नाही, सर्वांचे तापमान १०२ ते १०३ फॅरनहाइटच्या दरम्यान भरले.

मागचा इतिहासही लिहून ठेवतो, कारण दुखण्याचे मूळ त्यात असावे. गेल्या गळीत हंगामात डिसेंबर ते मार्च या शेळ्यांनी जवळजवळ केवळ उसाचे वाढे (तोडणीत निघणारे हिरवे शेंडे) खाल्ले. पाऊस सुरू झाल्यापासून त्या सकाळी सातला मळीवर चरायला जात होत्या. जंताचे औषध दर तीन महिन्यांनी, दोन वर्षे, एकच. आणि मात्रा सर्वांना सारखी, बाटलीवर मेंढीसाठी छापलेली.

५ ऑगस्ट

लेंड्या सकाळी गुदाशयातूनच घेतल्या, कारण जमिनीवर पडलेल्या लेंडीत मातीतले निरुपद्रवी सूत्रकृमी शिरतात आणि मोजणाऱ्याची फसगत होते. ४ ग्रॅम लेंडी ५६ मिलिलिटर संपृक्त मिठाच्या पाण्यात कुस्करून गाळली, मॅकमास्टर काचपट्टीच्या दोन्ही घरांत भरली आणि पाच मिनिटे थांबून माझ्या जुन्या सूक्ष्मदर्शकाखाली धरली. मिठाच्या जड पाण्यात जंतांची अंडी वर तरंगतात. दोन्ही घरांतील अंड्यांच्या संख्येला ५० ने गुणले की एका ग्रॅममागची अंडी मिळतात. चांदी ६,८००, तांबू ४,४००, मुंडी ३,९००, मोठी पाट २,६००, भुरी २,१५०, बांडी १,८५०, धाकटी पाट १,२००. पर्णकृमीची, म्हणजे गोगलगायींमार्फत पसरणाऱ्या यकृतातल्या चपट्या जंतांची, अंडी जड असल्याने या पद्धतीत तरंगत नाहीत. त्यांच्यासाठी साध्या पाण्यात गाळ बसवून वेगळा पेला पाहिला आणि त्यात काही सापडले नाही. भातखाचरांच्या गावात, जिथे गोगलगायींना तोटा नाही, तिथे हा दिलासाच म्हणायचा.

अंड्यांवरून नेमकी जात कळत नाही, कारण या गटातल्या बऱ्याच गोलकृमींची अंडी सारखीच दिसतात. तरीही पांढरी पापणी, जबड्याखालचे पाणी आणि हगवणीचा अभाव ही तीन लक्षणे एकत्र आली की संशय चौथ्या पोटातल्या रक्तपित्या हिमॉन्कस जंतावर जातो.

डॉक्टरांनी आज दोन गट पाडले. चांदी, तांबू, मुंडी आणि दोन्ही पाटींना क्लोसँटेल दिले. हे औषध रक्तातल्या प्रथिनांना चिकटून राहते आणि रक्त पिणाऱ्या जंतालाच गाठते, मात्र मात्रा जास्त झाली तर जनावर आंधळे होऊ शकते, म्हणून प्रत्येकीचे वजन समोर ठेवूनच सिरिंज भरली. भुरी आणि बांडीला जुनेच फेनबेंडाझोल, पण मेंढीच्या दुप्पट मात्रेने. शेळीचे शरीर हे औषध मेंढीपेक्षा लवकर मोडून बाहेर टाकते. वहिनींनी बाटली वाचून दिलेली मात्रा म्हणूनच दोन वर्षे अपुरी पडत होती. भुरीला गाभण राहून सव्वा महिना झाला असल्याने अल्बेंडाझोल मुळीच द्यायचे नाही, कारण सुरुवातीच्या दिवसांत त्याने गर्भात व्यंग निर्माण होऊ शकते. जुने औषध योग्य मात्रेत तरी चालते का, हे दोन आठवड्यांनी कळेल.

७ ऑगस्ट

चांदी पहाटे गेली. रात्री दहाला तिने थोडा शेवरीचा पाला खाल्ला होता.

डॉक्टरांनी शेडमागे शवविच्छेदन केले आणि चौथे पोट उघडून माझ्यासमोर धरले. आतल्या फिकट गुलाबी अस्तरावर केसाएवढे बारीक, दोन-अडीच सेंटिमीटर लांबीचे जंत वळवळत होते. पाण्याने धुऊन एक मादी काचेवर घेतली तेव्हा तिच्यात लाल आणि पांढरा असा पीळ स्पष्ट दिसला, राखीचा दोरा वळावा तसा. लाल म्हणजे शेळीच्या रक्ताने भरलेले आतडे, पांढरे म्हणजे त्याभोवती गुंडाळलेले अंड्यांचे अवयव. अशी एक मादी दिवसाला पाच हजारांहून अधिक अंडी घालू शकते. यकृत मातकट आणि फिके होते, पर्णकृमी नव्हते. पोटाच्या पोकळीत पाणी होते.

हिशेब करून पाहिला. एक जंत दिवसाला सुमारे ०.०५ मिलिलिटर रक्त घेतो, म्हणजे हजार जंत ५० मिलिलिटर. साडेसतरा किलोच्या शेळीत रक्तच सव्वा लिटरच्या आसपास असते. पोटात हजारांहून कितीतरी अधिक जंत असावेत असे डॉक्टरांचे मत पडले, तेव्हा औषध लागू पडण्याआधीच तिची शिल्लक संपली होती हे उघड आहे.

माझी चूक येथेच लिहितो. ४ तारखेला मी तिला पावसातून चालवत आणले आणि झोळीत लोंबकळत ठेवले. ज्या जनावराच्या रक्तात प्राणवायू वाहून नेण्याची ताकदच उरलेली नाही, त्याला चालवणे आणि घाबरवणे हाच घात असतो. वजनासाठी फीत पुरली असती. छातीचा घेर इंचांत मोजून त्याचा वर्ग करायचा, त्याला खांद्यापासून पुठ्ठ्यापर्यंतच्या लांबीने गुणायचे आणि ६६० ने भागायचे, म्हणजे किलोत अंदाज येतो. बांडीचा घेर २५ आणि लांबी २४ इंच भरली, उत्तर २२.७ आले, काट्यावर ती २२.५ होती.

मुंडी, तांबू आणि मोठ्या पाटीला डॉक्टरांनी लोहाचे व बी-१२ चे इंजेक्शन दिले. यांना आता शेडबाहेर न्यायचे नाही, चारा-पाणी तोंडाशी.

११ ऑगस्ट

नवा घोटाळा, आणि तो मायेपोटी झालेला. आमच्याकडे गूळ हा प्रत्येक दुखण्यावरचा इलाज असल्याने पुतण्याने काल संध्याकाळी मुंडीला पाटीभर मक्याचा भरडा गूळ घालून चारला. आज सकाळी ती मान टाकून उभी होती, दात खात होती, आणि हगवणीला आंबट वास येत होता. डाव्या कुशीवर मूठ दाबून दोन मिनिटे थांबलो. निरोगी शेळीचे पोट मिनिटाला एक-दोनदा मूठ वर उचलते, येथे काहीच हलले नाही. डॉक्टरांनी फोनवर सांगितलेल्या मात्रेने खाण्याचा सोडा कोमट पाण्यात पाजला आणि दोन दिवस फक्त कडबा ठेवला.

उपाशी जनावराच्या पोटातले सूक्ष्मजीव पिष्टमय खुराकाला तयार नसतात; एकदम दिला की आम्ल होते. ठरलेला क्रम आता शेडच्या दारावर खडूने लिहिला आहे : भरडा ५० ग्रॅमपासून, दर तीन दिवसांनी थोडा वाढवत, २५० च्या वर नाही, सोबत शेंगदाणा पेंड, कारण रक्त आणि प्रतिकारशक्ती दोन्ही प्रथिनांतून उभी राहतात. गुळाचा डबा वहिनींनी स्वतःच घरी नेला.

१३ ऑगस्ट

मुंडी रवंथ करते आहे.

१९ ऑगस्ट

औषधाला चौदा दिवस झाले. क्लोसँटेल गटात मुंडी १००, तांबू १५०, मोठी पाट ५०, धाकटी पाट शून्य. चौघींची मिळून १२,१०० अंडी होती ती ३०० वर आली, म्हणजे ९७.५ टक्के घट. फेनबेंडाझोल गटात भुरी १,३०० आणि बांडी ९५०. ४,००० वरून २,२५०, म्हणजे जेमतेम ४४ टक्के. घट ९५ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर जंत त्या औषधाला पुरून उरले आहेत असे धरतात. दोनच शेळ्यांवरचा हा हिशेब आहे, त्यावरून गावाबद्दल काही बोलू नये हे खरे, पण या गोठ्यापुरते तरी जुने औषध बाद. अर्धवट मात्रेने दर वेळी दुबळे जंत मेले आणि दणकट तेवढे मागे राहून त्यांचीच प्रजा वाढली. दोन वर्षे आम्ही पैसे मोजून हीच निवड करत होतो.

बांडीला आज क्लोसँटेल दिले. भुरीच्या बाबतीत डॉक्टरांनी वेगळा विचार केला : तिची पापणी ३ वरून ढळलेली नाही, ती खाते आहे, तेव्हा तूर्त औषध न देता दर आठवड्याला पापणी पाहायची. गोठ्यातल्या प्रत्येक जनावराला औषध दिले की मागे राहतात ते केवळ औषध पचवलेले जंत. एखादे सशक्त जनावर तसेच ठेवले तर साधे जंतही कुरणात उरतात आणि दणकट जंतांची प्रजा पातळ होते. हे वहिनींना पटवताना माझी बरीच शक्ती गेली. एका शेळीला औषध आणि दुसरीला नाही, हे त्यांना पंगतीत भेद केल्यासारखे वाटले.

तांबूच्या जबड्याखाली मधल्या काळात थोडे पाणी उतरले होते. संध्याकाळी दिसायचे आणि सकाळी नाहीसे व्हायचे. दिवसभर मान खाली घालून खाल्ले की पाणी तेथे साठते, रात्री ओसरते; म्हणून आम्ही पाहण्याची वेळ संध्याकाळची ठेवली. चार दिवसांपासून संध्याकाळीही काही नाही.

२ सप्टेंबर

पापण्या गुलाबी होऊ लागल्या आहेत. मुंडी ३, तांबू ३, बांडी २. तरीही शेळ्यांकडे पाहून समाधान वाटत नाही. मुंडीच्या काळ्या अंगावर पाठीच्या बाजूने तांबूस छटा आहे आणि केस हाताला काथ्यासारखे लागतात. बांडी दोरी चघळते. तिघीचौघी शेडची भिंत चाटतात. ही भिंत राधानगरीकडून आणलेल्या जांभ्याची असून त्यांच्या तोंडाच्या उंचीवर तिला आता गुळगुळीत लाल खळगे पडले आहेत.

जंतांमुळे झालेली कृशता आणि खनिजांच्या अभावाने झालेली कृशता महिनाभर एकमेकींत मिसळून गेली होती. जंत गेल्यावर जी लक्षणे उरली ती खनिजांच्या खात्यावर टाकता येतात. आधी खनिजे देऊन पाहिली असती तर ती जंतांच्या पोटातच गेली असती. रक्ताची खनिज तपासणी आम्ही केलेली नाही, तेव्हा पुढचे निदान डॉक्टरांच्या नजरेचे आहे. काळे केस तांबूस पडणे हे तांब्याच्या कमतरतेचे नेहमीचे चिन्ह. भिंत आणि दोरी चघळणे हे मीठ व फॉस्फरसच्या भुकेचे. शिवाय मागचा सगळा हिवाळा वाढ्यांवर गेल्यामुळे कॅल्शियमची ओढ, कारण वाढ्यांतले ऑक्झॅलेट कॅल्शियमला बांधून टाकते.

भिंतीबद्दल वहिनींचा समज असा होता की रक्त कमी आहे म्हणून शेळ्या लाल दगडातले लोह शोधतात. उलट आहे. जांभ्यात लोह भरपूर असते आणि पोटात गेलेले जादा लोह तांब्याचे शोषण अडवते; म्हणजे शेळ्या मिठाच्या शोधात भिंत चाटत होत्या आणि तांबे गमावत होत्या. भिंतीला आतून गुडघ्याच्या वर दोन हात फळ्या ठोकल्या आणि गव्हाणीच्या बाजूला मिठाचा खडा टांगला. पहिल्या दिवशी तांबू तेथून अर्धा तास हलली नाही. खनिज मिश्रण मोठीला रोज १० ग्रॅम, पाटींना ५, ओलसर केलेल्या भरड्यात. सुके घातले तर त्या फुंकर मारून उडवतात.

१० सप्टेंबर

धाकट्या पाटीला शेणासारखी पातळ हगवण, त्यात रक्ताचे धागे. वहिनी लगेच जंताची बाटली घेऊन आल्या. लेंडी तपासली तर जंतांची अंडी ५० आणि बाकी सगळे क्षेत्र कॉक्सिडियाच्या बारीक गोल कोशांनी भरलेले. हा जंत नव्हे, एकपेशीय जीव आहे, आणि जंताची बाटली त्याला लागूही पडत नाही. डॉक्टरांनी सल्फा गटातले औषध पाच दिवस दिले. दोष पाण्याच्या घमेल्याचा होता : ते जमिनीवर असल्याने शेळ्या त्यात पाय घालत आणि लेंड्या टाकत. आता ते फूटभर उंच चौथऱ्यावर आहे.

२१ सप्टेंबर

चरणे पुन्हा सुरू केले, पण मळीवर नाही आणि दव वाळण्याआधी नाही. लेंडीतून पडलेल्या अंड्यांपासून या ओल्या उबदार हवेत आठवड्याभरात संसर्गक्षम अळ्या तयार होतात, त्या ओल्या गवतावर दोन-तीन इंच चढतात आणि पोटात गेल्यावर तीनेक आठवड्यांत अंडी घालणारे जंत होतात. म्हणून खुरटे गवत खाऊ घालायचे नाही. दुपारी बारानंतर बांधावरची बोर, बाभूळ, हादगा आणि शेवरी. शेळी मुळात मान वर करून पाला खाणारी, तिला आम्हीच मेंढीसारखी खाली वाकायला लावली होती. बाभळीसारख्या तुरट पाल्यातली टॅनिन जंतांची अंडी काही प्रमाणात कमी करतात असे दिसून आले आहे. औषधाला तो पर्याय नाही, हे मी वहिनींच्या वहीतही लिहून दिले.

८ ऑक्टोबर

वजने, या वेळी फितीने : मुंडी २९, तांबू २६.५, बांडी २७, भुरी ३२.५ (त्यात गर्भाचा वाटा), मोठी पाट १५, धाकटी ११.५. धाकटी मागे पडली ती कॉक्सिडियाने, आणि अशा दुखण्यात आतड्याचे अस्तर खरवडले गेल्यावर वाढ भरून निघायला वेळ लागतो. मुंडीच्या पाठीवर जुन्या तांबूस केसांच्या बुडाशी नवा काळा केस उगवला आहे. केस बाजूला सारून पाहिले की अर्ध्या बोटाएवढी काळी कड दिसते. गेल्या दोन महिन्यांत मला झालेला सर्वात मोठा आनंद हा, आणि तो घरात कोणाला समजावून सांगता आलेला नाही.

शेजारच्या शेतात खतासाठी मेंढ्या बसल्या आहेत. मेंढकेमामांनी आमच्या शेळ्यांची तुकतुकी पाहून मूठभर मिश्रण मागितले. ते नाकारताना जीवावर आले. शेळीला चालते तेवढे तांबे मेंढीच्या यकृतात साठत जाते आणि एके दिवशी विषासारखे रक्तात उतरते, तेव्हा त्यांनी मेंढीसाठी तयार केलेले मिश्रणच घ्यावे असे सांगितले. त्यांना राग आला नाही, "मिठाचा खडा तरी चालंल नव्हं?" एवढेच विचारले. तो दिला.

११ नोव्हेंबर

ऊसतोडी सुरू झाल्या आणि वाढ्यांचे भारे दारात येऊन पडले. फुकटचा चारा नको म्हणण्याची ऐपत आमच्या गावात कोणाची नाही, माझीही नाही. तेव्हा वाढे निम्म्याहून कमी, बारीक कुट्टी करून, चुन्याची निवळी शिंपडून. उरलेला भाग हरभरा व सोयाबीनचे भुसकट आणि शेवरी. भुरीला शेवटचा महिना असल्याने तिला वाढे अगदी थोडे.

विण्याच्या आगेमागे शेळीची जंतांविरुद्धची पकड सैल होते आणि अंडी वाढतात, म्हणून तिची लेंडी आज तपासली : ६५०, पापणी २. औषध नाही. २५ तारखेच्या सुमारास पुन्हा पाहायचे.

२४ नोव्हेंबर

भुरी पहाटे चार वाजता व्याली, बरोबर १५० व्या दिवशी. दोन करडे, एक पाट आणि एक बोकड, २.१ आणि १.८ किलो. पाट वीस मिनिटांत उभी राहून कासेला लागली. बोकड पुढच्या पायांवर उठला, मागचे पाय मात्र दोनदा फाकले आणि तो बसला. पोटात असताना तांबे कमी पडले तर करडाच्या मज्जारज्जूला इजा होते आणि मागचा भाग लुळा पडतो. ती इजा नंतर खनिजे देऊन भरून येत नाही. भुरीला मिश्रण सुरू झाले तेव्हा तिला दोन महिने उलटून गेले होते.

वहिनींनी त्याला मांडीवर घेऊन चीक पाजला आणि मागचे पाय कोरड्या पोत्याने चोळले. साडेसहाला तो तिसऱ्या प्रयत्नात उभा राहिला आणि कासेपर्यंत गेला, चालताना उजवा खूर किंचित ओढत. ही थंडीची आणि थकव्याची अडचण असेल तर उद्यापर्यंत जाईल. हे दुखणे काही करडांत जन्मानंतर कित्येक आठवड्यांनीही दिसू लागते, म्हणून दोघांचेही मागचे पाय फेब्रुवारीअखेरपर्यंत रोज सकाळी सपाट फरशीवर चालवून पाहायचे आहेत. वही शेडच्या दाराला टांगली आहे. सकाळी जो आधी येईल त्याने लिहायचे.